चौथं उत्तर

“तू कुठं बसतेस ते हुडकून काढीन आणि तुझ्या तोंडात बंदुकीची नळी कोंबीन,” एवढं बोलून फोनवरच्या माणसाने रिसीव्हर आपटला. बर्नीने पडद्यावर ‘मवाळ नकार’ या चौकटीत खूण केली आणि कॉफीचा घोट घेतला.

मतचाचणीच्या धंद्याचा नियमच तसा होता. ‘मला परत कधीही फोन करू नका’ असं माणूस स्वच्छ शब्दांत म्हणाला तर तो कठोर नकार. जिवे मारण्याची धमकी दिली, आईवरून शिव्या घातल्या, पण ते शब्द आले नाहीत तर नकार मवाळच. आणि मवाळ नकाराला तीन दिवसांनी आणखी एक संधी द्यायची असते. म्हणजे या बंदूकवाल्या गृहस्थांना मंगळवारी पुन्हा कुणीतरी गोड आवाजात विचारणार होतं की राष्ट्राध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे की नापसंत.

राष्ट्राध्यक्षांची मुदत निम्मी होताना अमेरिकेत होते त्या मध्यावधी निवडणुकीला तीन आठवडे उरले होते. पेन्सिल्व्हेनियातल्या एरी शहरातल्या एका बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आडोसे घालून केलेले छत्तीस खोके मांडले होते, आणि प्रत्येक खोक्यात एक माणूस कानाला फोन लावून शिव्या खात बसला होता. त्या ऑक्टोबरात लोक चिडलेले होते हे म्हणणं फारच सौम्य झालं. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांच्या तोंडातून खून, फाशी, गोळी असे शब्द यायचे, आणि तेही सकाळी अकरा वाजता, पाठीमागे मुलांची कार्टून चालू असताना. दोन्ही पक्षांचे लोक सारखेच. त्याबाबतीत देशात पूर्ण एकमत होतं.

बर्नी म्हणजे बर्नाडेट स्काल्स्की, वय एकसष्ट, या कामात बावीस वर्षं. फोनची पट्टी ती नेहमी उजव्या कानावर लावायची, कारण डावा कान एक्क्याण्णव साली रेने मारून टाकला होता. रे म्हणजे तिचा पहिला आणि शेवटचा नवरा. जबड्यातली पोलादी पट्टीही त्याचीच देणगी. पुढे तो यकृत सडून मेला, तेव्हा बर्नीने त्याच्यासाठी एक फूलसुद्धा पाठवलं नाही, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

नकार वळवण्यात तिचा हात कुणी धरत नसे. फोन आपटायला निघालेल्या माणसाला ती दोन वाक्यांत खुर्चीत बसवायची. त्याहून मोठा तिचा अभिमान वेगळा होता. बावीस वर्षांत तिने एकाही माणसाचं उत्तर स्वतःच्या मनाने भरलं नव्हतं. एक उत्तर जरी खोटं सापडलं तर त्या मुलाखतकाराच्या सगळ्याच्या सगळ्या मुलाखती कचऱ्यात जात. गेल्या वर्षी लोरेन नावाच्या बाईने कंटाळून शेवटचे तीन प्रश्न आपणच भरले. तिच्या एकशेऐंशी मुलाखती रद्द झाल्या, आणि खोलीचा प्रमुख वेन्डेल प्रुइट तिचा कोट हातात घेऊन तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला. नव्या मुलींना बर्नी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची.

यंत्राने पुढचा नंबर लावला. शनिवार होता, साडेअकरा वाजले होते. फोन पुरुषाने उचलला. मागे कुत्रा भुंकत होता.

“गप रे!” तो कुत्र्यावर खेकसला. काहीतरी आदळलं आणि कुत्रा कण्हला. “हं, बोल.”

बर्नीने ओळख सांगितली आणि ठरलेला प्रश्न वाचला.

“तुमच्या घरातल्या अठरा वर्षांवरच्या माणसांपैकी सगळ्यात अलीकडे कुणाचा वाढदिवस झाला?”

ज्याचा वाढदिवस नुकताच झाला असेल त्यालाच विचारायचं, ही या धंद्याची जुनी रीत. नाहीतर प्रत्येक घरात फोनवर झडप घालणाराच बोलतो, आणि तो कोण असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

“बायकोचा. मंगळवारी झाला. स्वतःचा केक स्वतःच भाजला तिनं,” तो हसला.

“मग मला त्यांच्याशी बोलायला हवं, साहेब.”

“माझ्याशी बोल. या घरात मत एकच असतं.”

इथे सोडून देता आलं असतं. दुसऱ्या कुणीही सोडून दिलं असतं. पण बर्नीने आवाज खाली आणला, थोडा मधाळ केला.

“तुम्ही आपलं मत लपवणाऱ्यातले नाही, हे मला कळलं बरं का. त्या तुमच्या शेजारीच बसून बोलतील. चारच मिनिटं. नाहीतर तुमच्या घराचं मत मोजायचं राहून जाईल.”

“मार्लिस! इकडे ये,” तो ओरडला. फोन टेबलावर ठेवल्याचा आणि स्पीकर लावल्याचा आवाज आला. नकार वळला होता. बर्नीला बरं वाटलं, आणि या बरं वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

“हो,” बाईचा आवाज आला. एवढंच.

“राष्ट्राध्यक्ष ज्या पद्धतीने काम करताहेत, ते तुम्हाला अगदी पसंत आहे, बऱ्यापैकी पसंत आहे, फारसं पसंत नाही, की मुळीच पसंत नाही?”



“अगदी पसंत. सांग,” नवरा म्हणाला.

“अगदी पसंत.”

“बाई, फक्त तुमचं स्वतःचं मत सांगा,” बर्नीने अशा वेळचं ठरलेलं वाक्य वाचलं. नवरा पुन्हा हसला. बर्नीने पहिल्या उत्तराचा एक हा आकडा दाबला.

तेवढ्यात कुत्रा पुन्हा उठला आणि दाराकडे धावला. “कोण हरामखोर आलाय अंगणात?” नवऱ्याची खुर्ची मागे कोसळली, दार आपटलं. बाहेर कुणीतरी दुसऱ्या पक्षाची पत्रकं वाटत आलं होतं. “माझ्या जमिनीवर पाय ठेवतोस? माझ्या?” मग फावड्यासारखं लोखंड गाडीच्या पत्र्यावर बसल्याचा आवाज, काच फुटल्याचा आवाज, कुणीतरी देवाची शपथ घालून ओरडत होतं, आणि गाडी भरधाव मागे गेली. फावडं तरीही चालूच होतं. आता ते कशावर पडत होतं कोण जाणे.

स्पीकर बंद झाला. बाईचा श्वास एकदम बर्नीच्या कानात आला.

“बाई, पहिलं उत्तर बदलता येतं का?”

“येतं.”

“चौथं लिहा. मुळीच पसंत नाही. लिहिलंत?”

“लिहिलं. चार.”

“आणि उमेदवार दुसऱ्या पक्षाचा. निवडणुकीचं विचाराल ना, ते आधीच सांगते.” ती भराभरा कुजबुजत होती. “मतपत्रिका टपालाने घरी येते. तो भरतो, मी सही करते. कित्येक वर्षं झाली. हे तरी माझं लिहा.”

“लिहिलं, मार्लिस.” नाव घेऊन बोलायचं नसतं, पण बर्नी बोलून गेली.

दार उघडलं. धापा टाकणारा माणूस आत आला.

“स्पीकर का बंद केलास?”

“बाहेरचा आवाज यायला लागला म्हणून...”

“काय सांगितलंस तिला?”

“तेच. तू म्हणालास तेच.”

फोन हिसकावल्याची खरखर झाली. “ए, हिनं काय सांगितलं? वाचून दाखव.”

आणि बर्नीचं तोंड आपोआप बोललं. बावीस वर्षांत हजारो वेळा म्हटलेलं वाक्य होतं ते, लोकांना धीर देण्यासाठीचं.

“साहेब, सगळी उत्तरं गुप्त ठेवली जातात.”

 पुढच्या दोन सेकंदांत बर्नीला आपण काय केलं ते कळलं. उत्तर त्याच्यासारखंच असतं तर गुप्त ठेवण्यासारखं होतं काय?

मग तो आवाज आला. बंद मुठीचा आवाज उघड्या हातापेक्षा वेगळा असतो, तो ओल्या मातीत काही टाकल्यासारखा बसका येतो, आणि बर्नीला तो पाठ होता. बशा फुटल्या. टेबल सरकलं. पुन्हा तोच आवाज, आणि पुन्हा. कुत्रा किंचाळत होता. बाई मात्र ओरडत नव्हती. सवय झालेली बाई ओरडत नाही, कारण ओरडलं की वेळ वाढतो. बर्नीच्या जबड्यातली पट्टी ठणकू लागली.

“अगदी पसंत!” बर्नी उभी राहून ओरडली. बाकीच्या पस्तीस खोक्यांतली डोकी वळली. “साहेब, ऐका! अगदी पसंत म्हणाल्या त्या! एक नंबर! माझ्यासमोर पडद्यावर आहे!”

मार थांबला. नुसत्या धापा ऐकू येत होत्या.

“आणि बाकीची?”

“सगळी तुमच्यासारखीच. वाचते ना, ऐका.” पडद्यावर चार होतं आणि ती एक वाचत होती. पडद्यावर एक पक्ष होता आणि ती दुसरा वाचत होती. तिचा आवाज जराही हलला नाही. नकार वळवायचाच आवाज होता तो.

“मग मघाशीच का नाही बोललीस, म्हातारे?” तो खिदळला. “फुकट मार खाल्ला बिचारीनं तुझ्यामुळे.”

फोन बंद झाला.

वेन्डेल धावत आला होता. साठीचा, गलेलठ्ठ, मनाने चांगला, नियमाने चालणारा. बर्नीने त्याला मार सांगितला, आपलं खोटं सांगितलं नाही. घरचाच फोन असल्याने पत्ता यंत्रात होता. वेन्डेलने स्वतः त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांना कळवलं. बर्नी पुढचे दोन तास फोन करत राहिली, कारण हात रिकामे ठेवले असते तर ती वेडी झाली असती. तीन जणांनी शिव्या घातल्या, एकाने तिच्या घराला आग लावायचं कबूल केलं. तिने चौघांनाही मवाळ नकारात टाकलं.

दोनच्या सुमारास वेन्डेल तिच्या खोक्यापाशी येऊन उभा राहिला.

“पोलीस जाऊन आले. ती स्वतः दारात आली म्हणे. स्वयंपाकघराच्या पायरीवरून घसरले म्हणाली.”

“तोंड दिसलं तिचं?”

“टॉवेल धरला होता.”

“आणि ते निघून आले?”

“ती तक्रारच करत नाही म्हटल्यावर काय करतील, बर्नी?”

बर्नीने मान हलवली. ती स्वतः दोनदा गॅरेजच्या पायरीवरून घसरली होती. दुसऱ्या वेळी आलेला पोलीस रेबरोबर बोलिंग खेळणाऱ्यांपैकी निघाला. दोघं अंगणात उभं राहून दहा मिनिटं हसत बोलले, आणि पोलिसाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बर्नीचा जबडा मोडला.

“आणखी एक,” वेन्डेल म्हणाला. “त्या मुलाखतीत उत्तर बदललंय. यंत्राने खूण केलीय. उद्या पडताळणीचा फोन जाईल.”

बर्नीने त्याच्याकडे पाहिलं. पडताळणीत काय वाचतात ते तिला तोंडपाठ होतं. *आमच्या नोंदीप्रमाणे तुमचं उत्तर ‘मुळीच पसंत नाही’ असं आहे, बरोबर?* रविवारची सकाळ, टेबलावर फोन, स्पीकर लावलेला, आणि शेजारी तो.

“ही वगळ ना, वेन्डेल.”

“बदललेलं उत्तर पडताळल्याशिवाय पुढे जात नाही.”

“मग रद्द कर मुलाखत.”

“रद्द केली तरी का केली ते विचारायला फोन जातोच. पोरींना तूच तर शिकवतेस हे सगळं.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आपण करायचं ते केलं गं. घरी जा, जरा पडून राहा.”

पाळी संपेपर्यंत मुलाखत उघडता यायची. संपायला दहा मिनिटं असताना बर्नीने ती उघडली. चारच्या जागी एक केलं. पक्ष बदलला. आता उद्या त्या घरात नवऱ्याचंच मत वाचलं जाणार होतं, आणि ते ऐकून त्याच्या मुठी वळणार नव्हत्या. पडद्याने काही तक्रार केली नाही, हिरवी खूण दाखवून मुलाखत बंद झाली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने खोटं उत्तर भरलं होतं. 

रविवारी दुपारी ती आली तेव्हा पडताळणीच्या यादीत त्या घरापुढे टीप होती: *उत्तर देणारी व्यक्ती मिळाली नाही. पतीने शिवीगाळ केली. ‘ती मेली’ असे म्हणाला.*

बर्नीने ती ओळ पाच वेळा वाचली. बायको आवडेनाशी झाली की पुरुष असं म्हणतात. बायकोला मारून टाकल्यावरही म्हणतात. वेन्डेलने पुन्हा पोलिसांना फोन केला. घरात कुणी नाही, नवऱ्याची गाडीही नाही, शोध चालू आहे, असं उत्तर आलं. बर्नीने त्या काउंटीच्या वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वाचल्या, आणि सोमवारी सकाळी पुन्हा वाचल्या. मार्लिस कुठेच नव्हती. बर्नी स्वतःशी एकच गोष्ट घोकत होती, की निदान दुसऱ्यांदा तरी माझ्यामुळे तिने मार खाल्ला नाही.

सोमवारी दहा वाजता आकडा जाहीर झाला. चहा-कॉफीच्या खोलीतल्या टीव्हीवर दोन जाणकार एकमेकांचं बोलणं तोडत होते. पेन्सिल्व्हेनियात राष्ट्राध्यक्षांचं काम पसंत असलेले लोक शेकडा चव्वेचाळीस. गेल्या महिन्यात त्रेचाळीस होते. म्हणजे घसरण थांबली, असं एक जण म्हणाला, त्यांचा पक्ष आता इथल्या जागा राखू शकेल. छे, चव्वेचाळीसवर कुणी तरतं का, दुसरा म्हणाला. दोघांचेही चेहरे लाल झाले होते.

“एका टक्क्यानं वर,” वेन्डेल म्हणाला. “आपला आकडा आज देशभर गाजणार बघ.”

बर्नी खोक्यात जाऊन बसली.

लोकांच्या फोनवर जो नंबर दिसायचा, त्यावर उलट फोन आले तर तेही कुणीतरी घ्यायचे असत. बहुतेक शिव्याच असायच्या, म्हणून ते पाळीपाळीने घेत. सोमवारी पाळी बर्नीची होती. अकराला दिवा लागला.

“शनिवारी आमच्याकडे फोन केला होता, त्या बाई तुम्हीच का?”

आवाज बोबडा झाला होता. शब्दांमधून हवा सुटत होती. पण बर्नीच्या उजव्या कानाने तो लगेच ओळखला, आणि तिने खोक्याची कड गच्च धरली.

“मीच. मार्लिस, तू कुठं आहेस?”

“टोलेडोला, शेजारच्या राज्यात. बहिणीकडे. पोलीस गेल्यावर तो बिअर पिऊन झोपला, तेव्हा कुत्र्याला माझ्या गाडीत घातलं आणि निघाले. मेव्हण्याचे दोन भाऊ इथे दारात बसलेत बंदुका घेऊन. काल तो येऊन गेला, पण गाडीतून उतरलाच नाही.”

“दवाखान्यात जाऊन आलीस?”

“आले. दोन बरगड्या. समोरचे तीन दात.” तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “आता इथल्या पोलिसांत सांगितलंय सगळं. पायरीचं नाही, खरं सांगितलं.”

 बर्नीने डोळे पुसले आणि पुसलेला हात तसाच गालावर ठेवला, पोलादाच्या पट्टीवर.

“बाई, एकच विचारायला फोन केला,” मार्लिस म्हणाली. “मत तर त्यानं शुक्रवारीच भरून टपालात टाकलं माझं. ते गेलं. पण आत्ता टीव्हीवर तो आकडा दाखवला ना, चव्वेचाळीस. तुमचाच ना तो?”

“आमचाच.”

“त्यात माझं आहे ना? मी सांगितलं तसंच?”

बर्नीसमोर पडदा उघडाच होता. खरं सांगून वेन्डेलकडे गेलं असतं तर काय झालं असतं, तेही तिला ठाऊक होतं. तिच्या दोनशे बारा मुलाखती कचऱ्यात, आणि त्यांत या बाईचं उत्तर पुन्हा एकदा गेलं असतं. बावीस वर्षांची सवय घशाशी आली होती. *सगळी उत्तरं गुप्त ठेवली जातात.* तिने ते वाक्य गिळलं.

“आहे,” बर्नी म्हणाली. “चौथं उत्तर. मुळीच पसंत नाही.”

पलीकडे दातांच्या फटीतून लांब श्वास सुटला.

“बरं झालं,” मार्लिस म्हणाली. “मग दात फुकट नाही गेले माझे.”

तिने आभार मानले आणि फोन ठेवला. दिवा विझला. बर्नी पट्टी कानावरून न काढता तशीच बसून राहिली.

“कोण होतं?” वेन्डेल यादी घेऊन जवळूनच चालला होता.

“शनिवारची बाई. सुखरूप आहे. बहिणीकडे गेलीय.”

“देवाची कृपा!” त्याचा चेहरा खरोखरच उजळला. मग त्याने यादीत बोट फिरवलं. “तिची पडताळणी राहिलीय बघ. विचारलंस का? उत्तर बरोबर आहे?”

बर्नीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा पडद्यावरच्या एक या आकड्याकडे पाहिलं.

“तिनं स्वतःच विचारलं,” ती म्हणाली. “बरोबर आहे.”

वेन्डेलने खिशातून पेन काढलं आणि त्या नावापुढे खूण केली.